किती एमबीचा?

“किती एमबीचा?” हे न्या सेफेरिनाचं पालुपद. न्या म्हणजे आमच्याकडं बाई. कुणी नातवाचा फोटो दाखवो, कुणी नव्या गाईचा, ती चेहरा नंतर बघायची. आधी फोटो किती जड, ते विचारायची.

आमच्या इताउग्वात बायका नांदुती विणतात. चौकटीवर ताणलेल्या कापडावर सुईनं उभं केलेलं कोळ्याचं जाळंच ते. हल्ली जाळी हातात घेऊन कुणी पारखत नाही. जत्रेच्या समितीला फोटो द्यायचा. ज्या जाळीचा निवडतील, ती वेशीवरच्या फलकावर झळकते. सेफेरिनाला तो फलक आयुष्यात एकदा हवा होता. दरवर्षी तो जायचा ओब्दुलियाकडे.

ओब्दुलिया शेजारीण. सेफेरिनाच्या मुलीची धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. ओब्दुलियाची लेक बुएनोस आइरेसला. तिथून दर नाताळात नवा फोन यायचा. सेफेरिनाचा फोन जुनाट, काच तडकलेली.

“तिचा फोटो आठ एमबीचा, माझा दीड,” थंडगार तेरेरेचा घोट ओढत ती सांगायची. “जाळी कसली जिंकतेय? लेकीचा पगार जिंकतोय.” आम्ही माना डोलवायचो.

यंदा तिनं अभिमान गिळला. “कोमाद्रे, माझीही जाळी तुझ्या फोननं काढ.”

ओब्दुलियानं आंब्याच्या सावलीत दोघींच्या जाळ्या शेजारी अंथरल्या, फोटो काढले आणि सेफेरिनाचा तिला व्हॉट्सॲपवर पाठवला. तो पोचला दोनशे केबीचा.

सेफेरिना तडक कुंपणाशी. “माझे एमबी कुठं ठेवलेस? साय तू खाल्लीस, मला ताक पाठवलंस.”

“अगं, पाठवताना आक्रसतो तो. नवं सुती कापड धुतल्यावर आक्रसतं तसा.”

“तुझा बरा नाही आक्रसत दरवर्षी.”

“मी समितीला फोनच नेऊन दाखवते,” ओब्दुलिया हसली. “घे, तूच ने. माझाही दाखव त्यांना.”

फोन घेऊन सेफेरिना आमच्या ओसरीवर टेकली. आधी तिनं आपली जाळी बोटांनी मोठी केली. जुन्या फोनात एवढं ताणलं की नुसतं पीठ दिसायचं. इथं धागान्‌धागा उभा राहिला. पेरूच्या फुलाची नक्षी होती. मधल्या पाकळीत एक फेरा सुटलेला, वर गाठ. मग तिनं ओब्दुलियाची जाळी मोठी केली. बोटं ताणत गेली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरली. चूक सापडली नाही.

“फोन जिंकत नव्हता तर,” ती हळूच म्हणाली.

मी तेरेरे पुढं केला. “आभार,” ती म्हणाली. आमच्याकडं आभार म्हणजे आता पुरे.

ओब्दुलियाच्या फाटकाशी जाऊन तिनं फोन परत केला. “तुझा दाखव. माझा पुसून टाक.”

“का गं? छान आलाय. सात एमबीचा आहे.”

“तेच तर.”

जाळी काखेत घट्ट धरून ती लाल मातीच्या वाटेनं चालू लागली. ओब्दुलिया फाटकात उभी, अंगठा पुसायच्या खुणेवर तसाच थबकलेला. सेफेरिना वळणाआड जाईपर्यंत ती तिच्या पाठीकडं बघत राहिली, आणि ओसरीवरून मी दोघींकडं.