‘ले’ अशुद्ध आहे

गोंदिया आमच्या जिल्ह्यातून वेगळं झालं, त्यानंतरच्या वर्षांत मी भंडाऱ्यात विणकरांच्या वस्तीतल्या राममंदिरात दुपारी बायांना लिहायला-वाचायला शिकवत असे. आरती आटोपली की सभामंडपात चटया पडत. अर्ध्या बाया विणकरांच्या घरच्या, अर्ध्या छत्तीसगडहून बांधकामाला आलेल्या.

मी शुद्ध भाषेची मोठी कैवारी. कोणी ‘मले येत नाही’ म्हटलं की माझं डोकं फिरे. ‘मला’ म्हणा, ‘बाजाराला’ म्हणा, ‘ले’ अशुद्ध आहे. घरी माझी आई ‘ले’च म्हणायची, हे मात्र तिथे कोणाला सांगितलं नाही. छत्तीसगडची एक नवी बाई पहिल्या दिवसापासून बिनचूक ‘ला’ म्हणे, कारण तिच्या बोलीतही ‘ला’च होता. तिचं उदाहरण देऊन मी बाकीच्यांना टोचून बोले. एकदा तिने विचारलं, इथे सगळे बोलताना ‘ले’ म्हणतात, ते काय? मी म्हटलं, तिकडे लक्षच देऊ नकोस.

तिचा नवरा साकोलीकडे, एकोडीत, एका बांधकामावर होता. एका दुपारी वर्ग चालू असताना ठेकेदाराचा माणूस मंदिराच्या पायरीशी आला. नवरा बांबूच्या पाडावरून पडला, असं सांगून म्हणाला, “साकोलीले नेलं जी त्याले. लवकर जाय.” निरोप देऊन तो निघून गेला. ती पाटी टाकून धावत सुटली. साकोलीची बस पकडायला गेली असेल असं मी धरून चालले आणि पुढचा धडा घेतला.

ती गेली भंडाऱ्याच्याच सरकारी दवाखान्यात. संध्याकाळपर्यंत फाटकाशी बसून होती, येणारी प्रत्येक गाडी उठून बघत होती. नवरा साकोलीच्या दवाखान्यात चारच्या सुमारास वारला. शेवटपर्यंत शुद्धीवर होता, आणि बायको आली का, म्हणून विचारत होता.

आठ दिवसांनी, गावी परतण्याआधी, ती मंदिरात मला भेटायला आली.

“हमर बोली मा ‘ले’ माने ‘से’, बाई,” ती म्हणाली.

साकोलीले, म्हणजे तिच्या लेखी साकोलीहून. त्याला तिथून इकडे मोठ्या दवाखान्यात आणत आहेत, असं ती समजली होती. मी त्या दुपारी समोर बसले होते. तो ‘ले’ मला आईच्या दुधासोबत मिळालेला, आणि तिने विचारलं तेव्हा मी तिला तो सांगितला नव्हता. तिने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

तिने लावला नाही. देह ताब्यात घेताना कागद पुढे आला तेव्हा अंगठा नाही दिला, सही केली, एवढं तिने मला मुद्दाम सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून.