मोरीतली ठकठक

मी जिल्ह्याच्या बचाव पथकात पाणबुड्या आहे. पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून विहिरीत, नदीत, तलावात उतरायचं आणि बुडालेलं माणूस वर आणायचं, हे माझं काम. नऊ वर्षांत मी एकालाही जिवंत वर आणलं नव्हतं. आम्हाला बोलावणं येतं तेव्हाच उशीर झालेला असतो. सुरुवातीला पाण्यात उतरताना मी गणपतीचं नाव घेत असे. पुढे पुढे ते ओठांवर येईना. सिंदी मेघे गावातल्या आमच्या घरी बायको संध्याकाळी दिवा लावायची, तेव्हा मी अंगणात जाऊन उभा राहायचो. देवाशी भांडण नव्हतं. बोलणंच संपलं होतं.

गेल्या हिवाळ्यात, रब्बीचं पाणी सुटलं होतं तेव्हा, रात्री आठच्या सुमारास केळझरकडच्या एका कालव्यावर आम्हाला बोलावलं. एक नवरा-बायको मोटारसायकलवरून कालव्याच्या काठाने घरी निघाले होते. गाडी घसरली आणि दोघंही पाण्यात पडली. नवऱ्याच्या हाती झुडूप लागलं, बायको वाहून गेली. तासाच्या वर वेळ झाला होता. वरचं गेट बंद केल्यामुळे पाणी हळूहळू उतरत होतं. तिथे कालवा रस्त्याखालच्या लांब मोरीतून पलीकडे जातो. प्रेत वाहत पुढे जातं, म्हणून आम्ही मोरीच्या पलीकडून शोध सुरू करणार होतो.

तेवढ्यात मोरीवरच्या पुलाच्या कठड्याला कान लावून बसलेली एक म्हातारी ओरडली, “बापू, मोरीत कोणीतरी ठोकून राह्यलं!”

आमचे प्रमुख म्हणाले, “आजी, थो पाण्याचा आवाज हाय.”

“पाणी काय थांबून थांबून ठोकते? आधी अंदर पाह्यजो!”

खरं सांगतो, मी तिचं मन राखायला म्हणून मोरीत उतरलो. कंबरेला दोर होता. पाणी जवळजवळ छताला टेकलेलं, आणि गाळामुळे टॉर्चचा उजेड हातभरही पोचत नव्हता. भिंत चाचपत बराच आत गेलो आणि दोर कशात तरी अडकला. ओढला, तसा आणखी आवळला. ना पुढे जाता येई ना मागे. मी धसमुसळेपणाने हिसके देत राहिलो, श्वास वाढला, हवा झपाट्याने संपू लागली. मग एका क्षणी हातच गळाले. मनात एवढंच आलं, ‘बाप्पा, माझ्यानं होत नाही. आता तू पाहा.’

मी ओढणं सोडलं. श्वास संथ झाला, कानाशी चाललेला बुडबुड्यांचा कल्लोळ ओसरला. आणि मला ऐकू आलं. ठक, ठक. थोडं थांबून पुन्हा ठक.

ढील मिळाल्यावर दोरही तारेच्या गुंत्यातून सुटला. मी आवाजाच्या रोखाने गेलो. पुढे छताखाली वीतभर हवा उरली होती. तिथे एका हाताने लोखंडी सळई धरून, नाकतोंड तेवढं वर काढून ती बाई लटकली होती. दुसऱ्या हातात दगड होता.

“मले सोडून नोको जाऊ, भाऊ.”

“नाई जात, ताई. ही माह्या सिलिंडरची दुसरी नळी तोंडात धर. तोंडानंच श्वास घे आन् मले घट्ट धरून राह्यजो.”

बाहेर आलो तेव्हा तिचा नवरा धावत आला. खाली बसून तिचे गारठलेले तळवे चोळत राहिला. मी म्हातारीला शोधलं आणि वाकून नमस्कार केला. ती ओशाळली. “माह्या पाया काऊन पडतं, बापू? म्या त नुसता कान लावला.”

ती सळई नेमकी तिथे कशी होती, म्हातारीला कठड्याला कान लावायचं कसं सुचलं, याची चिकित्सा मी करत नाही. त्यानंतरही बहुतेक वेळा मला उशीरच होतो. पण आता प्रेत वर आणल्यावर मी लगेच गाडीकडे वळत नाही. घरच्यांजवळ थोडा वेळ बसतो, त्यांचं रडणं ऐकतो. माझं बळ जिथे संपतं, तिथून पुढेही कुणीतरी काम करत असतं. त्या रात्री मी ते अंधारात अनुभवलं, आणि तेवढं मला जन्मभर पुरणार आहे.