बेसूर वाजवून दाखवा

दुःखाला भाषा लागत नाही, असं मी त्या काळात मानत असे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. अमेरिकेहून आलेल्या भाच्यानं एक कॅसेट दिली होती. तिच्यात तिथल्या कापसाच्या मुलखातले जुने कृष्णवर्णीय गायक होते, गिटारच्या तारांवर बाटलीची मान घासत गाणारे. खरखर इतकी, की गाणं पत्र्यावरच्या पावसाआडून यावं. मी ती आईला ऐकवली. "कॅसेट खराब निघाली. बदलून घे," ती म्हणाली.

मला चैन पडेना. तो घसरणारा सूर एकदा समोर बसून ऐकायचा होता. तशी गिटार वाजवणारा एकच माणूस मला ठाऊक होता, शिवाजी पेठेतले, सगळे ज्यांना मामा म्हणत ते. ऑर्केस्ट्रात ते गिटार मांडीवर आडवी घेऊन, लोखंडी कांडी फिरवत सिनेमाची गाणी वाजवायचे. कीबोर्ड आल्यावर त्यांना कुणी बोलावेना. आता गिटार विकायची ठरली होती. रविवारी गडहिंग्लजचं गिऱ्हाईक येणार होतं.

बुधवारी मामांनी कॅसेट ऐकली. "ह्यो प्यालाय काय हो, सर?"

"दुःखात आहे."

"असू दे की दुःखात. सूर कशापायी सोडलाय? आम्ही असलं वाजवलं असतं तर चपला पडल्या असत्या."

तरी त्यांनी गाणं लगेच उचललं. फक्त जिथं जिथं सूर घसरत होता, तिथं तिथं तो दुरुस्त केला. लग्नात पंगती बसल्यावर वाजतं तसं गोड झालं.

"मामा, जरा बेसूर वाजवून दाखवा."

आतून मामी म्हणाल्या, "बेसूर ऐकाय एवढ्या लांबनं आलाय व्हय, सर? आमच्या शेजारी भजन असतंय की!"

गुरुवारी गेलो, शुक्रवारी गेलो. गाणं दर वेळी आणखी स्वच्छ होत गेलं.

शनिवारी पोचलो तेव्हा मामा तारा लावत होते. खुंटी पिळायची, ढिल्या तारेवरून कांडी ओढून बघायची. आणि अचानक तो सूर आला. तोच, मध्येच खचलेला.

"मामा, थांबा! हेच!"

"हेच काय? अजून लागायची हाय की."

"लावूच नका."

"उद्या पावणं येणार. अशी ढिली दिऊ त्येंच्या हातात?" त्यांनी खुंटी पिळली.

रविवारीही मी गेलो. पावण्यांनी गिटार उलटीसुलटी बघितली, तारा छेडल्या आणि एवढंच विचारलं, "सुरात हाय न्हवं?"

होती.