गेटवरचा बैल

माझ्याकडच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात ‘टेक्स्ट’ नावाचा एक मोड आहे. फळ्यावरचे लिखाण किंवा छापील कागद टिपण्यासाठी तो दिलेला होता. या मोडमध्ये कॅमेरा करड्या छटा जवळजवळ टाकून देतो. प्रकाशाची एक पातळी ठरवतो. तिच्या वरचे सगळे पांढरे, खालचे सगळे काळे. कागद टिपण्याचे काम आता फोन करतो, त्यामुळे हा मोड मला रिकामाच सापडला, आणि कागद सोडून बाकी सगळे मी त्याच्यासमोर धरून पाहिले.

दापोडीच्या आमच्या गल्लीतल्या विजेच्या तारा आकाशावर शाईने ओढल्यासारख्या आल्या. ओल्या टाइलवर चिकटलेले केस नकाशातल्या नद्यांसारखे दिसले. दुधावरची साय अजिबात आली नाही. चेहऱ्यांचे निकाल अनिश्चित होते: नाकाखालची सावली काळ्यात गेल्यामुळे आईला मिशी आली, आणि त्यानंतर ती माझ्या हातात कॅमेरा दिसला की उजेडाकडे तोंड करून बसू लागली.

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केले आहे आणि चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. लाइनवरून जाणारा भाग कॅमेऱ्याने पाहायचा आणि ठेवायचा की काढायचा ते ठरवायचे, अशी यंत्रणा मी सांभाळते. परदेशातल्या एका अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचा होता आणि त्यात स्वतः केलेल्या कामाचे नमुने जोडायचे होते. इतरांना सुचणार नाही असे काही मला हवे होते. ते बाबांच्या शेडमध्ये सापडले.

बाबा लातूरकडून आले आणि तळवड्यात ग्रिल आणि गेट बनवू लागले. त्यांच्या शेजारच्या शेडमध्ये लेझरने पत्रा कापतात. टेक्स्ट मोडमधला फोटो थोडा साफ करून त्या यंत्राला देता येतो: काळे तेवढे कापायचे, पांढरे ठेवायचे. अडचण एकच. पत्र्यात ‘व’ कापला तर त्याच्या पोटातला गोल तुकडा सुटून खाली पडतो, कारण त्याला धरायला काही उरत नाही. तो टिकवायचा तर कडेला जोडणारी बारीक पट्टी सोडावी लागते. मी पहिल्यांदा भिंतीवर पडलेली कडुनिंबाच्या फांदीची सावली कापून घेतली. पानापानांत पट्ट्या सोडताना डोळे दुखले, पण पत्रा शेडच्या दाराशी टांगल्यावर येणारे-जाणारे थांबून बघत.

तिथेच ते दोघे भाऊ थांबले. चाकणहून राजगुरुनगरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांचे गाव. जुन्या घराच्या जागी बंगला बांधून होत आला होता आणि मोठे गेट करायचे होते.

“शेठ, ह्ये झाड तुमीच कापलं का?” थोरल्याने विचारले. “मंग बैल कापता येईल?”

“बैल, घोडा, मोर, काय म्हणाल ते. कॅटलॉगच हाय की माझ्याकडं,” बाबा म्हणाले.

“कॅटलॉगचा न्हाई चालत. आमच्या गोठ्यातलाच पायजे. म्हातारी अडून बसलीया.”

मग दोघांनी आळीपाळीने, बऱ्यापैकी हसत, सगळे सांगितले. त्यांचा खिलार बैल एके काळी बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, पहिला यायचा. आता म्हातारा झाला. गोठा पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायची होती आणि बैलाला गिऱ्हाईक ठरले होते. आई ऐकत नव्हती. शेवटी तिने अट घातली: तोच बैल गेटवर यायला हवा, तोच आहे हे तिला पटायला हवे, मग दावे सोडा. तोवर कोणी हात लावायचा नाही.

“सोपं हाय,” धाकटा म्हणाला. “फोटू काढा, कापा, लावा. गेट एका बाजूनं येईल, बैल दुसऱ्या बाजूनं जाईल.”

माझ्या अर्जाच्या दृष्टीने हे काम उत्तम होते. एक विशिष्ट प्राणी केवळ काळ्यापांढऱ्यात ओळखू येईल का, हा प्रश्न नेमका होता आणि त्याचे उत्तर तपासायला एक माणूस बसलेला होता.

पहिल्या रविवारी आम्ही दुपारी पोहोचलो. बैल पांढरा होता, मागची कंपाउंडची भिंत नव्या चुन्याची होती आणि ऊन डोक्यावर होते. मी जे करू नये तेच केले. स्क्रीनवर चार खूर, दोन डोळे, नाकपुड्या आणि पोटाखालची सावली एवढेच आले. बाकी बैल भिंतीत विरघळला. आजी, म्हणजे त्या दोघांची आई, गव्हाणीच्या काठावर बसली होती. तिने कॅमेरा हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

“ह्यात बैल कुठं हाय गं? नुसती भित्ताडं काढलीस.”

“गेला म्हणायचा की मग, आये,” धाकटा म्हणाला. “दावं सोडू?”

“तुजं त्वांड बांध आदी,” आजी म्हणाली.

पुढच्या खेपेला मी बैलाच्या मागे काळी ताडपत्री धरायला लावली. थोरला एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला; वाऱ्याने ताडपत्री फुगली की दोघे एकमेकांना शिव्या घालत. या वेळी बैल आला. पाठीची रेघ, उंच वशिंड, मागे वळलेली शिंगे, सगळे काळ्यावर स्वच्छ पांढरे. मोठ्या कागदावर छापून नेले. रस्त्याने जाणारा एक शेजारी तो कागद बघून, न विचारता, “अरं, ह्यो तर तुमचाच की,” म्हणाला.

आजीने कागद मांडीवर पसरला. “शिंगं परक्याची वाटत्यात,” ती म्हणाली.

मी तिचे म्हणणे गंभीरपणे घेतले. बाजूने येणाऱ्या उजेडात गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीच्या वळ्या काळ्या रेषांनी उमटतात, म्हणून सकाळी लवकर गेले. मान टिपली. आजी म्हणाली, त्याची मान एवढी सुरकुतलेली नाही. नुसते तोंड टिपले. ती म्हणाली, नजर रागीट आली. तो रागीट नाही. खाली बसून टिपले तर पाय लांब झाले, शिडीवर चढून टिपले तर आखूड. दर वेळी ती अत्यंत लक्षपूर्वक पाही आणि दर वेळी काहीतरी चुकलेले निघे. मधल्या काळात गोठ्यालगतचा बंगला रंगवून झाला. गिऱ्हाईकाचे फोन येत होते.

“बाई, आमची आये फोटू बघतीया का पोरीसाठी नवरा?” थोरला मला म्हणाला. “ह्यो न्हाई, त्यो न्हाई!”

“आम्हाला पत्रा कापायचाय,” बाबा म्हणाले. “कुठला बी काप म्हणावं, पण सांगा म्हणावं एकदाचं.”

मी सगळे कागद घरी जमिनीवर मांडले. एका फोटोत उजवे शिंग फार सरळ, असे तिचे म्हणणे होते. दुसऱ्यात तेच शिंग, त्याच बाजूने, फार वाकडे. उजेडाचा फरक मी तपासला. शिंगाच्या कडेत तो दिसण्याइतका नव्हता.

आमच्या कारखान्यात डोळ्यांनी तपासणी करणाऱ्यांची परीक्षा घेण्याची एक साधी पद्धत आहे. तपासून झालेला भाग काही न सांगता पुन्हा ढिगात मिसळायचा. दुसऱ्या वेळी उत्तर वेगळे आले, तर भागात दोष शोधणे थांबवायचे. मी ताडपत्रीवाला फोटो पुन्हा छापला आणि दोन नव्यांच्या मध्ये घालून नेला.

त्या दिवशी बाबा गेटच्या खांबांचे अंतर मोजायला आले होते. दोघे भाऊ त्यांच्यासोबत पुढे गेले आणि मी गोठ्यात आजीसमोर कागद धरले. पहिल्याला ती नाही म्हणाली. दुसरा, म्हणजे जुनाच, बघून ती म्हणाली, “पाठ लय वाकलीया ह्यात.” तिसरा तिने पाहिलाच नाही. दुसरा पुन्हा हातात घेतला.

“मागं ह्योच दावला व्हतास,” ती म्हणाली.

“हो.”

“मंग आज परत कशापायी?”

“तुम्ही काय म्हणता ते बघायला.”

“मागं मी काय म्हनले व्हते?”

“शिंगं परक्याची वाटतात.”

“आन् आज पाठ.” तिने कागद मांडीवर सरळ केला. “ह्ये बराबर न्हाई झालं. पर कारणं बी संपत आल्यात, बाय.”

बैलाने कडब्याच्या पेंढीतून एक धांडा ओढला. तिने तो हाताने मोडून लहान केला आणि त्याच्यापुढे टाकला.

“तोच आहे ना हा?” मी विचारले.

“त्योच हाय. ताडपत्री धरली तवाच वळखला.”

तिने मला काही करायला सांगितले नाही. कागदाची घडी मात्र घातली नाही. सरळ ठेवून माझ्याकडे परत दिला, आणि मी तो हातात घेऊन उभी राहिले. माझ्यापुढे आता दोन गोष्टी होत्या आणि त्यांच्यामध्ये छटा नव्हती. हा फोटो तिला पटला आहे असे मी सांगितले, तर तो त्याच आठवड्यात कापला गेला असता, माझ्या अर्जाला हवा तो नमुना मिळाला असता आणि गोठा रिकामा झाला असता. नाही सांगितले, तर बैल राहिला असता आणि नमुना गेला असता.

थोरला आला, मागोमाग बाबा आणि धाकटा. “काय म्हनती आमची इन्स्पेक्टर?”

“फोटो योग्य आहे,” मी म्हणाले. आजी कडब्याकडे बघत राहिली. “पण तो पत्र्यात उतरणार नाही. हा डोळा बघा. भोवती सगळं काळं, मध्ये ठिपक्याएवढं पांढरं. काळं कापलं की डोळ्याला आधार नाही. तो खाली पडेल.”

“मंग मागनं वेल्डिंगचा टाका मारा की. तुमचे वडील काय फुलं वाहायला आल्यात व्हय?”

बाबा टेप गुंडाळत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग आजीकडे, मग बैलाकडे. कडुनिंबाच्या पानांत मी सोडलेल्या पट्ट्या त्यांनी स्वतः घासून साफ केल्या होत्या. पट्टी कशी सोडतात हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

“टाका दिसतो,” ते म्हणाले. “पावसात गंजतो. डोळ्याची गॅरंटी मी देणार नाही.”

“बिनडोळ्याचा लावा मंग.”

“आंधळा बैल दाराला लावतोस?” आजी म्हणाली. “पावणं काय म्हनतील?”

“बरं आये, कॅटलॉगातला लावू. बैल त्यो बैल,” धाकटा म्हणाला.

“दुसऱ्याचा बैल माज्या दाराला? तू आदी दुसऱ्याचा फोटू लाव तुज्या लायसनला, आन् मंग बोल.”

थोरला हसला. धाकट्याला हसायचे नव्हते, पण तोही हसला. मग थोरला गोठ्याच्या पत्र्यांकडे बघत म्हणाला की वास्तुशांत तोंडावर आली आहे, साधे उभ्या बारांचे गेट करून टाका, बाकीचे मागाहून बघू. आईची अट तो मोडू शकला असता. मोडली नाही. त्याचे कारण मला माहीत नाही आणि मी विचारलेले नाही.

परतताना टेम्पो बाबा चालवत होते.

“पट्टी सोडली असती तर डोळा राहिला असता,” चिखलीजवळ ते म्हणाले.

“हो.”

“येतंय तुला ते.”

“हो.”

“म्हणजे मला खोटं बोलायला लावलंस.”

“गॅरंटी देणार नाही म्हणालात. ती तर तुम्ही कुणालाच देत नाही.”

“हे बी खरंच हाय,” ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, “तुझ्या अर्जाचं कसं?”

कडुनिंबाची फांदी आणि मागाहून पत्र्यात कापून घेतलेला तारांचा गुंता जोडून मी अर्ज पाठवला. बैलाचा कागद जोडला नाही; न कापलेला फोटो हा मी मांडलेल्या पद्धतीचा नमुना ठरत नव्हता. निकाल यायचा आहे.

वास्तुशांत झाली. त्यांच्या गाड्या अजून रस्त्याच्या कडेला लागतात, कारण गोठा आहे तिथेच आहे. गिऱ्हाईकाने दुसरीकडून बैल घेतला, असे थोरल्याने फोनवर सांगितले. फोन मात्र दुसऱ्या कामासाठी होता: बैल दावे सोडवून मागच्या भाड्याच्या खोल्यांपुढे जातो, कामगारांचे वाळत घातलेले युनिफॉर्म चावतो, आणि भाडेकरू ओरडतात. गोठ्याला मजबूत फाटक हवे.

बाबांना दुसऱ्या साइटवर जायचे होते, म्हणून माप घ्यायला मी गेले. गोठ्याच्या तोंडाची रुंदी सहज मिळाली. पण फाटक उघडल्यावर किती वाट मोकळी राहायला हवी ते बैलावरून ठरणार होते, आणि बैलाचा सर्वांत रुंद भाग पोट नसून शिंगांच्या टोकांमधले अंतर आहे, हे तिथे उभे राहिल्यावर लक्षात आले. आजीने पेंड हातावर धरून त्याला स्थिर उभे केले. मी टेपचे एक टोक डाव्या शिंगाला लावले, दुसरे उजव्याला, आणि फोनवर बाबांना आकडा सांगितला. ते म्हणाले, वर अर्धा फूट धर. तो मान तिरकी करून निघेल.

मी ते आजीला सांगितले.

“एक फूट धर,” ती म्हणाली. “घाटातला गडी हाय. वाकडा होऊन न्हाई जायाचा.”

मी एक फूट धरला.