पुजलेल्या फ्लॉप्या

परवा नात म्हणाली, "आजी, लॅपटॉपवर नवी सिस्टीम आलीय, टाकून घेऊ का?" मी म्हटलं, "आधी सगळ्याची दोन ठिकाणी नक्कल काढ, मग आठ दिवस थांब, मग मला विचार." ती मला भित्री म्हणते. म्हणू दे. तिच्याहून थोडी मोठी होते तेव्हा मी भित्री नव्हते, दीडशहाणी होते. आणि माझं दीडशहाणपण निस्तरावं लागलं ते दुसरीला.

तेव्हा मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात संगणकावर होते. शहराबाहेर रोज एक नवी पत्र्याची शेड उभी राहायची, आणि शहरात विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांकडं बघेनासे झाले होते. आमच्या घरात आजोबा-पणजोबांपासून मेंढरं. आबांची बोटं लोकर कातरून कातरून वाकडी झालेली, आणि त्यांची लेक हर्सूलहून बसनं येऊन गार हवेच्या खोलीत बसायची! खोलीच्या दाराशी चपला काढाव्या लागत. साहेबसुद्धा बूट काढायचे. त्यांच्या डाव्या मोज्याला भोक आहे हे सगळ्या कारखान्यात मला एकटीला ठाऊक होतं, त्यामुळं कारखाना आपणच चालवतो असं मला वाटायचं. गॉगल लावून मी कँटीनला जायचे. आत अंधारच असायचा. दोनदा खांबाला धडकले.

माझ्या हाताखाली एक मुलगी होती. छावणीतून सायकलवर यायची. सहा महिन्यांच्या करारावरची. दिवाळीनंतर कायम करतो, असं साहेबांनी तिला सांगितलेलं. वडील अंथरुणाला खिळलेले, धाकट्या बहिणीची शाळा चालू, घरात मिळवणारी ही एकटी. 'कायम' हा शब्द ती हळू आवाजात उच्चारायची, मोठ्यानं म्हटलं तर उडून जाईल असा. एकदा रीतसर रजा टाकून ती नामांतराच्या मोर्चाला गेली होती. तेव्हापासून ऑफिसात तिला मागं 'नामांतरवाली' म्हणायचे. मी कधी म्हणाले नाही. कुणी म्हटलं की हसायचे मात्र.

त्या वर्षी वरून हुकूम आला, की जुनी डॉस काढा आणि विंडोज, म्हणजे खिडक्यांची नवी सिस्टीम टाका. पुण्याहून इंजिनिअर येणार होता. तारीख ठरवायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं आणि मला आकाश ठेंगणं झालं.

ती म्हणाली, "ताई, महिनाअखेर होऊ द्या. कामगारांच्या सगळ्या हजेऱ्या एकदा कागदावर छापून घेऊ. मग खुशाल पुसा जुनं."

"कागदावर कशाला? फ्लॉप्यांवर घेऊ की! आणि मी दिवस ठरवलाय. खंडेनवमी."

"पण ताई, त्या दिवशी हत्यारं पुजून ठेवतात ना तुमच्यात? हात नाय लावत त्यांना."

"तुला काय कळतंय आमच्यातलं?" मी म्हटलं.

बरोबर तिचंच होतं. आबा कातर पुजून कोनाड्यात ठेवायचे, ती दसऱ्यालाच खाली यायची. पण मला त्या दिवशी पेढे वाटायचे होते. हार घातलेल्या संगणकाशेजारी उभं राहून फोटो काढायचा होता. मेंढरं वळणाऱ्याच्या पोरीनं खिडक्या उघडल्या, हे गावाला कळायला नको?

आदल्या दिवशी हजेऱ्या मी सहा फ्लॉप्यांवर उतरवल्या. तेव्हाच्या फ्लॉप्या म्हणजे मोठ्या, काळ्या, पापडासारख्या लवचीक. पुठ्ठ्याच्या पाकिटातून काढल्या की मधोमध एक उघडी फट, आणि त्या फटीतून आतली तबकडी दिसायची. सगळी माहिती त्या तबकडीवर. तिथं बोट लावायचं नाही, हे पहिल्या दिवशीच शिकवायचे. मीच तिला शिकवलं होतं.

खंडेनवमीला सकाळी साहेब गावाला गेलेले. खोलीत आम्ही दोघीच. मी संगणकाला हार घातला. मग वाटलं, कातर पुजायची तर लोकर का उपाशी ठेवायची? सहाही फ्लॉप्या पाकिटातून काढून ताम्हणात मांडल्या. एकेकीला हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, फुलानं पाणी शिंपडलं.

"ताई, फटीवर नका टाकू!"

"अगं, मन लावून पूजा करावी. देवाला फटी दिसत नसतात."

ती पुढं झाली आणि पदरानं एक फ्लॉपी पुसायला लागली. मी तिच्या हातावर चापट मारली. हळू मारली, पण मारली.

दुपारी इंजिनिअर आला. "मॅडम, बॅकअप आहे ना?"

"आहे तर! पुजलेला आहे."

तो हसला. त्यानं जुनं सगळं पुसलं आणि नवं चढवलं. पडद्यावर रंगीत चौकटी उघडल्या, उंदीर फिरायला लागला, शेडमधली माणसं दाराशी चपला काढून डोकावून गेली. मी पेढे वाटले. फोटोही निघाला. मग हजेऱ्या परत चढवायला त्यानं पहिली फ्लॉपी आत सारली. आतून करकर आवाज आला. दुसरी. तिसरी. सहाव्या फ्लॉपीलाही तेच. त्यानं एक बाहेर काढून उजेडात धरली, रुमाल फिरवला. रुमाल पिवळा झाला.

"मॅडम, ह्याच्यावर भंडारा उधळलाय का?"

मी हसले. ती हसली नाही.

त्या वर्षाच्या सगळ्या हजेऱ्या गेल्या. कोण किती दिवस आला, कुणाची रजा, कुणाची जादा पाळी, काहीच राहिलं नाही. दसऱ्याची सुट्टी संपताच त्या मुलीनं गेटवरच्या वॉचमनची वह्या-रजिस्टरं मागवली आणि एकेक नाव शोधून पुन्हा भरायला घेतलं. पहारेकऱ्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. दिवाळीच्या सुट्टीतही ती येऊन बसली. मी शेजारी बसून "हे बघ, हे राहिलं," असं म्हणायचे. त्याला मी देखरेख म्हणायचे.

दिवाळीनंतर साहेबांनी मला बोलावलं. "फ्लॉप्या खराब कशा झाल्या? कोण हाताळत होतं?"

किती सोपा प्रश्न होता! एका वाक्याचं काम. फार तर ते चिडले असते, महिनाभर बोलले नसते. पण मला तो हार दिसला, तो फोटो दिसला. मी म्हणाले, "खोलीत आम्ही दोघीच असतो, सर."

एकही अक्षर खोटं नव्हतं.

ते म्हणाले, "हं. तिचं लक्ष मोर्चात. कामात कुठलं असणार!" मी खाली बघत राहिले.

करार संपला तेव्हा तो पुढं वाढवला नाही. तिनं शेवटच्या दिवशी हजेऱ्यांचा पूर्ण गठ्ठा छापून माझ्या टेबलावर ठेवला. पानांवर नंबरसुद्धा घातले होते.

पंधरा-वीस दिवसांनी मी छावणीत तिच्या घरी गेले. खरं सांगायला जातेय, असं स्वतःला बजावत गेले. एका खोलीचं घर. वडील खाटेवर. तिनं स्टुलावर माझ्यासाठी चादर घडी करून टाकली.

"साखर बेताचीच घातलीय ताई, चालेल ना?"

मी म्हटलं, "मला साहेबांनी विचारलं होतं..."

"ठाव हाय. आधी मलाच विचारलं त्यांनी. मी म्हणलं, ताईंना विचारा, त्या खोटं नाय बोलायच्या."

चहा गरम होता. मी तो तसाच घोट घोट पीत राहिले, म्हणजे बोलावं लागणार नाही.

"उद्याच साहेबांना सांगते मी," शेवटी म्हणाले. "फ्लॉप्या मी पुजल्या, तू नको म्हणत होतीस, सगळं सांगते."

तिनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं. मग म्हणाली, "जाऊ द्या ताई. आता सांगून तुमचंबी काम जाईल."

"व्हय, तेही खरंच," असं मी म्हणाले. लगेच म्हणाले. तिनं नको म्हणावं, एवढ्यासाठीच मी हर्सूलहून छावणीपर्यंत आले होते, हे मला त्या क्षणी कळलं. तिला बहुतेक आधीच कळलं असावं. तिनं माझ्या हातातला कप घेतला आणि मोरीत नेऊन विसळायला लागली. त्यात अजून अर्धा चहा होता.