विज्दानच्या पंपाचा नंबर

विज्दान माझी धाकटी जाऊ. अम्मानमध्ये आमच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहते, पडदे शिवते, आणि हट्टी अशी की विचारू नका. लहानपणापासून मधुमेह, त्यामुळे कमरेला इन्सुलिनचा पंप. नवरा आखातात कामाला, म्हणून रात्री घरात एकटीच.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिचं दार उघडेना. माझ्याकडच्या किल्लीनं आत गेले, तर बाई घामानं चिंब, शुद्ध हरपलेली. हिरड्यांना मध चोळला, हाका मारून मारून घसा बसला माझा. पंपानं झोपेत नको तितकं औषध सोडलं होतं. कंपनी म्हणाली, यंत्रात दोष नाही. मग आतलं सॉफ्टवेअर दाखवा म्हटलं, तर म्हणे ते गुपित! गुपित कसलं डोंबलाचं, जीव आमचा जात होता.

मग तिनं दुसऱ्या कंपनीचा एक जुना, वापरलेला पंप मिळवला. मधुमेहाच्या रुग्णांनीच एक प्रोग्राम लिहून जगाला खुला ठेवलाय, तो फोनवरून हा पंप चालवतो. चालवू कसा शकतो? तर पंपाच्या सुरक्षेतच भोक आहे. पंपाच्या पाठीवर छापलेला नंबर ज्याला कळला, तो पंपाला हुकूम सोडू शकतो.

"अगं, म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपतेस की!" मी ओरडले. "आणि तो प्रोग्राम तू वाचलास तरी का?"

"मला कुठं कळतंय? पण वाचणारे वाचतात. परवा ओरान शहरातल्या एका बाईला त्यात चूक सापडली, तिनं लगेच सगळ्यांना सांगितलं."

"म्हणजे चूक होतीच ना!"

"होती. पण कळली तरी, जाऊबाई."

मला काही पटलं नाही. म्हणून त्या जुन्या पंपाच्या कंपनीचा माणूस आला तेव्हा बरंच वाटलं. हा पंप धोक्याचा आहे, परत द्या, भोक बुजवलेला नवा फुकट घ्या, म्हणाला. आमच्याकडे मागणं घेऊन आलेला पाहुणा होकार मिळेपर्यंत कॉफीला तोंड लावत नाही. त्यानंही हसत कप खाली ठेवला.

"नव्यात आमचा प्रोग्राम चालेल?" विज्दाननं विचारलं.

"नाही."

"आत काय चाललंय ते कुणाला बघता येईल?"

"आमच्या इंजिनिअरांना."

"आणि त्यांच्या नजरेतून सुटलं तर?"

कॉफी गार झाली, बिचारा तसाच उठून गेला. मी मात्र तिला चांगलं फैलावर घेतलं. "उद्या तुझ्या वाईटावर असलेला कुणी तो नंबर बघून गेला म्हणजे?"

"भीती मलाही वाटते," एवढंच म्हणाली. संध्याकाळी पडद्याच्या कापडाची पिशवी शिवून तिनं पंप त्यात घातला, नंबर झाकला.

दुसऱ्या दिवशी वर आली. मी कॉफी ओतली, तिनं कप तसाच खाली ठेवला. पिशवीतून पंप काढून माझ्यासमोर पालथा धरला.

"हा नंबर तुमच्या फोनमध्ये घाला. माझी साखर तुम्हाला वर बसून दिसेल, औषध थांबवताही येईल."

या नंबरानं तिला मारताही येतं.

"मला देतेस? आपलं तर रोज वाजतं!"

"म्हणून तर. काही वावगं दिसलं की तुम्ही गप्प बसत नाही."

रागही आला आणि डोळेही भरले. चष्मा पुसून मी एकेक आकडा फोनमध्ये घातला.

"पी आता ती कॉफी," मी म्हटलं, "गार होतेय."