कपाळावरचा लाल

गाडी भिंतीवर आदळवायच्या आधी आमच्या प्रयोगशाळेतल्या वैशालीताई मागच्या सीटवरच्या पुतळ्याला रंग लावतात. लहान मुलाच्या मापाचा पुतळा आहे तो. कपाळाला लाल, गुडघ्यांना निळा. काय कुठं आपटलं, ते नंतर डागांवरून कळतं. रंग लावताना त्या सवयीनं म्हणतात, "हलू नकोस रे बाळा."

आज पट्टा न लावता काय होतं ते बघायचं होतं. गाडी सुसाट सुटली आणि भिंतीत घुसली. पत्रा किंचाळला, काचांचा चुरा उडाला. पुतळा पुढच्या सीटवर असा आदळला की त्याची मान मागे मुरगळली. ताई बॅटरी पेटवून आत वाकल्या. "लाल इथं लागलाय," म्हणाल्या आणि सीटच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं.

नव्या गाडीतल्या कितीतरी शहाण्या कल्पना अशाच एखाद्या डागातून निघतात. आम्ही पुतळ्याला पोरासारखं सजवतो आणि भिंतीवर फोडतो, कुणाचं खरं पोर फुटू नये म्हणून. मला या क्रूरपणाची लाज वाटत नाही.

संध्याकाळी सिग्नलला शेजारच्या गाडीत एक मुलगा मागे उभा होता, पुढच्या सीटच्या त्याच कडेवर हनुवटी टेकून. मी काच खाली करून त्याच्या बापावर ओरडलो, "खाली बसवा त्याला! पट्टा लावा!"

"अहो, देवळातून घरी चाललोय. इथंच तर राहतो," तो हसत म्हणाला.

सिग्नल सुटला. पोरानं मला हात हलवला. त्याच्या कपाळावरचं लाल गंध अजून ओलं होतं.